प्रमाणपत्रे झाली, आता एक खोली द्या

प्रति,
मा. कुलगुरू, महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ, नाशिक
मा. कुलगुरू, शिवाजी विद्यापीठ, कोल्हापूर
कोल्हापूर आणि मिरज येथील वैद्यकीय महाविद्यालयांचे मा. अधिष्ठाता

विषय : क्लिनिकल संशोधन करणाऱ्या अध्यापक-विद्यार्थ्यांसाठी प्रत्यक्ष प्रशिक्षण आणि दोन विद्यापीठांचे सहकार्य

महोदय, महोदया,

मागणी आधी लिहितो, कारणे मागाहून. कोल्हापुरात आम्हांला एक खोली हवी आहे. तिच्यात आठवड्यातून दोन दुपारी बसणारा संख्याशास्त्रज्ञ, पूर्णवेळ पगारी दोन संशोधन समन्वयक, कुलूप लागणारी दोन पोलादी कपाटे, एक सर्व्हर आणि वीज गेली तरी तो चालू ठेवणारा बॅकअप, एवढे असावे. खोली सीपीआर रुग्णालयाच्या आवारात असो, शेंडा पार्कात असो की विद्यापीठाच्या विद्यानगरला, आमचा आग्रह नाही. अट एकच : सरकारी, खासगी, फार्मसी, नर्सिंग, आयुर्वेद, दंतवैद्यक, कुठल्याही महाविद्यालयाचा माणूस आपला अर्धामुर्धा प्रोटोकॉल, म्हणजे अभ्यासाचा लेखी आराखडा, घेऊन तिथे येऊ शकला पाहिजे आणि त्याला कुणी 'तुम्ही कुठल्या संस्थेचे?' असे दारात विचारता कामा नये.

प्रशिक्षण मिळत नाही, अशी आमची तक्रार नाही. कागदावर ते भरपूर आहे. राष्ट्रीय वैद्यक आयोगाच्या २०२३ च्या पदव्युत्तर नियमावलीनुसार प्रत्येक पीजीला, म्हणजे पदव्युत्तर विद्यार्थ्याला, पहिल्याच वर्षी संशोधन पद्धतीचा ऑनलाइन कोर्स करावा लागतो, एथिक्स आणि जीसीपीचा (चाचण्या नीट करण्याच्या आंतरराष्ट्रीय मापदंडांचा) वेगळा. त्यांशिवाय परीक्षेला बसता येत नाही. अध्यापकांनाही 'बीसीबीआर' हा जैववैद्यकीय संशोधनाचा प्राथमिक कोर्स चुकत नाही. चेन्नईच्या राष्ट्रीय साथरोगशास्त्र संस्थेचा हा कोर्स चांगला आहे, पण तो प्रश्नपत्रिकेपाशी संपतो. केस-कंट्रोल आणि कोहोर्ट या अभ्यासप्रकारांतला फरक बिनचूक टिक करणारा रेसिडेंट सिनॉप्सिसची, म्हणजे थिसिसच्या आराखड्याची, शेवटची तारीख जवळ आली की गाइडला विचारतो, "सर, सॅम्पल साइज किती टाकू?" आणि उत्तर येते, "तीस-तीस टाक," म्हणजे प्रत्येक गटात तीस रुग्ण.

या तीस-तीसचाच हिशेब करून पाहू. समजा, शस्त्रक्रियेनंतरच्या एका गुंतागुंतीचे प्रमाण ३० टक्के आहे आणि नव्या पद्धतीने ते २० टक्क्यांवर येईल अशी अपेक्षा आहे. खरे तर ही मोठी सुधारणा झाली. ८० टक्के पॉवर (खरा फरक सापडण्याची शक्यता) आणि ५ टक्के अल्फा (नसलेला फरक दिसण्याची शक्यता) धरून सूत्रात घातले, तर प्रत्येक गटात साधारण २९० रुग्ण लागतात. दहा टक्के रुग्ण मधेच गळतील असे धरले की ३२३. म्हणजे दोन्ही गट मिळून ६४६. आता उलट बाजूने बघा. गटात फक्त ३० रुग्ण असतील, तर २० टक्क्यांच्या जागी साधारण ५३ टक्के असा प्रचंड फरक असेल तरच तो सापडण्याची बरी शक्यता असते. इतका फरक पाडणारा उपचार असता तर तो वॉर्डातल्या सिस्टरलाही अभ्यासाशिवाय कळला असता. म्हणून तीस-तीसच्या बहुतेक थिसिसांचा शेवट 'दोन्ही गटांत लक्षणीय फरक आढळला नाही' या वाक्याने होतो आणि ते वाक्य वाचणारा समजतो की फरकच नाही. फरक शोधण्याइतके रुग्णच नव्हते, हे कुणी लिहीत नाही.

६४६ रुग्ण एका युनिटला मिळणार नाहीत. आठवड्याला चार पात्र रुग्ण आले, त्यांतल्या तिघांनी होकार दिला, तरी अठरा महिन्यांत, म्हणजे ७८ आठवड्यांत, २३४ होतात. तीन रुग्णालयांनी एकच प्रोटोकॉल, एकच फॉर्म आणि एकच मोजपट्टी वापरली तर ७०२. सहकार्याची गरज आम्ही मांडतो ती या गणितापोटी. पीजीचा थिसिस त्याच्या नावावरच राहील. त्याच्या वाट्याला मोठ्या अभ्यासातला एक उपप्रश्न येईल, बाकीच्या दोन रुग्णालयांतले पीजी दुसरे दोन घेतील. विद्यापीठाने मात्र हे चालते, असे एका परिपत्रकात स्पष्ट लिहून द्यावे. नाहीतर गाइड धास्तावतात की तीन थिसिसांची पद्धत सारखी दिसली म्हणजे कॉपी ठरेल.

इथे एक जुनी गाठ आहे. १९९८ मध्ये आरोग्य विज्ञान विद्यापीठ स्थापन झाले आणि वैद्यकीय महाविद्यालये शिवाजी विद्यापीठाकडून तिकडे गेली. प्रशासनाच्या सोयीचे ते झाले असेल. पण संख्याशास्त्र विभाग, संगणकशास्त्र, समाजशास्त्र, मराठी विभाग एका विद्यापीठात राहिले आणि रुग्ण, वॉर्ड, केस पेपर दुसऱ्या विद्यापीठात गेले. एका गावात राहून दोघांची ओळख नाही. एमएस्सीचे विद्यार्थी इंटरनेटवरून उतरवलेल्या परदेशी डेटावर प्रोजेक्ट करतात. चार-पाच किलोमीटरवर रेसिडेंट 'पी व्हॅल्यू काढून देणारा' माणूस शोधत असतो, तोही डेटा गोळा झाल्यावर. संख्याशास्त्रज्ञाला शेवटी बोलावणे म्हणजे स्लॅब टाकून झाल्यावर इंजिनिअरला सळई मोजायला लावणे. त्याला प्रश्न ठरतानाच बोलवायचे, त्याचे तास बजेटात धरायचे आणि काम तेवढे असेल तर लेखक म्हणून नाव द्यायचे.

प्रशिक्षण कसे असावे, ते सांगतो. चोवीस शनिवार, बारा माणसे, तिघातिघांचे चार गट : एक डॉक्टर, एक फार्मसिस्ट किंवा नर्स, एक संख्याशास्त्राचा विद्यार्थी. प्रत्येक गटाने येताना स्वतःचा प्रश्न आणायचा आणि जाताना एथिक्स कमिटीत, म्हणजे संशोधनाची नैतिक बाजू तपासणाऱ्या समितीत, दाखल केलेला प्रोटोकॉल, सीटीआरआय या चाचण्यांच्या राष्ट्रीय नोंदवहीचा भरलेला अर्ज, तपासून घेतलेले मराठी संमतिपत्र आणि दहा रुग्णांवर चालवून पाहिलेला फॉर्म घेऊन जायचे. बहुपर्यायी परीक्षा नको. शेवटच्या दोन शनिवारी एका गटाने दुसऱ्याच्या फायलीचे मॉनिटरिंग करायचे : केस पेपरवर जे आहे तेच फॉर्मवर आहे का, संमतीची तारीख पहिल्या तपासणीच्या आधीची आहे का, कुणाला कुठले काम दिले त्याच्या यादीवर सही आहे का. दुसऱ्याच्या फायलीत चुका शोधताना स्वतःच्या आठवतात.

एथिक्स कमिटीपाशी काय अडते? २०१९ च्या नवीन औषधे आणि क्लिनिकल चाचणी नियमांनुसार औषध-चाचण्या पाहणाऱ्या समितीची नोंदणी केंद्रीय औषध मानक नियंत्रण संघटनेकडे लागते आणि इतर जैववैद्यकीय संशोधन पाहणाऱ्या समितीची आरोग्य संशोधन विभागाकडे. या दोन वेगळ्या नोंदण्या आहेत, हेच अनेकांना माहीत नसते. औषध-चाचण्यांच्या समितीत किमान सात सदस्य, निम्मे संस्थेबाहेरचे, आणि बैठकीला किमान पाच हवेत, त्यांत कायद्याचा जाणकार आणि सामान्य नागरिक आलाच. हा सामान्य नागरिक बहुतेक ठिकाणी गप्प बसतो, कारण त्याच्या हातात साठ पानी इंग्रजी प्रोटोकॉल दिलेला असतो. त्याला दोन पानी मराठी गोषवारा आठ दिवस आधी द्या आणि बघा काय विचारतो. मंजुरीच्या पत्रावर प्रोटोकॉलची आवृत्ती आणि तारीख नसणे ही दुसरी नेहमीची चूक. सहा महिन्यांनी कुठल्या आवृत्तीला मंजुरी होती, हे कुणालाच सांगता येत नाही.

याच नियमांत आमच्या सोयीची एक तरतूद आहे. चाचणीच्या जागी स्वतःची समिती नसेल, तर त्याच शहरातल्या किंवा ५० किलोमीटरच्या परिघातल्या नोंदणीकृत समितीची मंजुरी चालते. कोल्हापुरातून वर्तुळ काढले तर सांगली, मिरज, इचलकरंजी त्यात बसतात. चंदगड बसत नाही. आयसीएमआरने, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने, २०१९ मध्ये बहुकेंद्री अभ्यासांच्या सामाईक परीक्षणाची मार्गदर्शक तत्त्वेही दिली आहेत. कोल्हापूर-सांगलीच्या समित्यांनी एकच अर्ज-नमुना स्वीकारला, तरी प्रत्येक अभ्यासाचे काही महिने वाचतील.

सीटीआरआय २००७ पासून आहे आणि नोंदणीला पैसे पडत नाहीत. १ एप्रिल २०१८ पासून पहिला रुग्ण घेण्याआधीच नोंदणी व्हावी लागते. अर्ज 'सबमिट' केला म्हणजे नोंदणी झाली, हा समज घातक. तपासणाऱ्यांच्या शंका येतात, त्यांची उत्तरे द्यावी लागतात, मग क्रमांक मिळतो. रेसिडेंट मधल्या काळात पाच रुग्ण घेऊन मोकळा होतो आणि दोन वर्षांनी जर्नल तारखा जुळवून पाहते तेव्हा पेपर परत येतो. तेव्हा करण्यासारखे काही उरलेले नसते.

आता संमतिपत्र. आमच्या मते शिकवायची सगळ्यांत मोठी गोष्ट हीच, आणि मराठी विभागाची खरी गरज इथे आहे. इंग्रजी नमुन्याचे शब्दशः मराठी केलेले संमतिपत्र वाचा : 'आपणांस यादृच्छिकीकरणाद्वारे दोनपैकी एका उपचारगटात समाविष्ट करण्यात येईल.' करवीर तालुक्यातल्या शेतकऱ्याला यातले काय कळणार? याच्याऐवजी असे लिहिता येते : 'या अभ्यासात दोन औषधे आहेत. तुम्हाला कोणते मिळेल हे डॉक्टर ठरवणार नाहीत, तुम्हीही नाही. चिठ्ठी उचलल्यासारखे ते ठरेल. दोन्हींपैकी कोणते जास्त चांगले, हे आज आम्हांला माहीत नाही. म्हणूनच हा अभ्यास आहे.' प्लासिबोला 'औषधासारखीच दिसणारी, पण आत औषध नसलेली गोळी' म्हणा. 'सहभागी न झाल्यास उपचारांवर परिणाम होणार नाही' हे वाक्य प्रत्येक पत्रात असते, पण सांगणारा तोच डॉक्टर असतो ज्याच्या हाती उपचार आहेत. म्हणून संमतीचे बोलणे समन्वयकाने करावे, डॉक्टरने शंकांना उत्तरे द्यावीत. मराठी मजकूर तयार झाला की मूळ न पाहिलेल्या माणसाकडून तो परत इंग्रजीत करून घ्यावा. घोळ असेल तर तिथे उघडा पडतो. मग वॉर्डातल्या पाच नातेवाइकांना वाचायला देऊन विचारावे, 'यात तुम्हाला काय करायला सांगितलंय?' पाचांपैकी दोघांनी 'डॉक्टर नवीन औषध फुकट देणार' असे सांगितले, तर पत्र पुन्हा लिहायला घ्यावे.

वाचता न येणाऱ्या रुग्णाच्या बाबतीत त्रयस्थ साक्षीदार संपूर्ण बोलणे होईपर्यंत हजर लागतो. प्रत्यक्षात अंगठा घेऊन झाल्यावर वॉर्डबॉयला बोलावून सही घेतात. तो त्रयस्थही नाही आणि साक्षीदारही नाही. सात ते बारा वर्षांच्या मुलाची तोंडी आणि बारा ते अठराची लेखी अनुमती पालकांच्या संमतीबरोबरच वेगळी घ्यायची असते, हेही राहून जाते. नव्या रासायनिक द्रव्याच्या चाचणीत असुरक्षित गटातला रुग्ण असेल तर दृक्‌श्राव्य चित्रण सक्तीचे आहे. ते मोबाइलवर करून तसेच गॅलरीत ठेवू नये. आणि एक बारीक गोष्ट : पत्रावर रेसिडेंटचा स्वतःचा मोबाइल नंबर छापतात. तो पास होऊन गेला की नंबर बंद. रुग्णाला त्रास झाला तर फोन कुणाला करायचा? खोलीतला कायमचा नंबर तिथे हवा.

त्रासाचा विषय निघालाच आहे तर : गंभीर प्रतिकूल घटना घडल्यास संशोधकाने २४ तासांत परवाना प्राधिकरण, प्रायोजक आणि एथिक्स कमिटी या तिघांना कळवायचे, आणि १४ दिवसांत कारणांचे विश्लेषण जायचे. घटना शनिवारी रात्री घडते आणि फॉर्म विभागाच्या कुलूपबंद कपाटात असतो. भरपाईच्या सूत्रात ८ लाख ही पायाभूत रक्कम, तिला वय आणि जोखमीच्या घटकांनी गुणून ९९.३७ ने भागायचे असते. समितीच्या सदस्यांनी हे गणित एकदा तरी कागदावर करून पाहिलेले असावे.

रुग्ण कुठल्या गटात जाणार हे ठरवणाऱ्या चिठ्ठ्यांबद्दल थोडे अधिक लिहितो, कारण इथली चूक बाहेरून दिसत नाही. बहुतेक ठिकाणी चारचे ब्लॉक वापरतात : प्रत्येक चार रुग्णांत दोन 'अ' आणि दोन 'ब'. पहिले दोघे 'अ' गटात गेले की पुढचे दोघे 'ब'च असणार, हे रेसिडेंटला न सांगता कळते. मग नाजूक रुग्ण आला तर तो एक दिवस थांबवला जातो. कुणी लबाडी म्हणून करत नाही, रुग्णाच्या काळजीपोटी करतो, पण अभ्यास तिथेच संपतो. ब्लॉक चार आणि सहाचे मिसळून करावेत आणि त्यांचा आकार वॉर्डात कुणाला सांगू नये. यादी औषधनिर्माणशास्त्र विभागात किंवा खोलीतल्या संगणकावर राहावी. पाकिटे वापरायचीच असतील तर साधी पांढरी नकोत, ट्यूबलाइटपुढे धरली की आतले अक्षर दिसते. आत ॲल्युमिनियम फॉइल घालावे, फॉइल आणि चिठ्ठी यांच्यामध्ये कार्बन पेपर ठेवावा, पाकिटावर अनुक्रमांक, जोडावर आडवी सही. उघडण्याआधी पाकिटावर रुग्णाचा कोड आणि तारीख दाबून लिहायची. कार्बनमुळे ती आतल्या चिठ्ठीवर उमटते. पाकीट आधी उघडले की नाही, याचा पुरावा आपोआप तयार होतो. खर्च दर पाकिटामागे काही रुपये.

डेटाचे दुखणे एका शब्दात सांगता येते : एक्सेल. एकाच कॉलमात 'पु', 'एम', 'मेल', '१'. रिकामी जागा म्हणजे शून्य की तपासणीच झाली नाही? ०३/०४ म्हणजे तीन एप्रिल की चार मार्च? आणि सगळ्यांत वाईट म्हणजे वय लावून घेण्यासाठी फक्त एकच कॉलम सॉर्ट करणे. त्या क्षणी प्रत्येक रुग्णाला दुसऱ्याचे वय मिळते आणि फाइल सेव्ह झाली की परतीचा रस्ता नाही. अमेरिकेतल्या व्हँडरबिल्ट विद्यापीठाने बनवलेली 'रेडकॅप' ही डेटा भरण्याची प्रणाली ना-नफा संस्थांना करार करून विनामूल्य मिळते. चुकीचे मूल्य घातले की ती तिथेच इशारा देते आणि कुणी काय बदलले त्याची नोंद ठेवते. मात्र सर्व्हर, बॅकअप आणि अपडेट बघणारा माणूस आपला लागतो. म्हणून ती एकेका विभागाने घेण्यात अर्थ नाही, दोन विद्यापीठांनी मिळून एकदाच बसवावी. तोपर्यंत निदान केस पेपरचे फोटो व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकणे बंद करू. २०२३ मध्ये वैयक्तिक डेटा संरक्षणाचा कायदा झाला आहे, आणि नसता झाला तरी ते चूकच होते.

नमुन्यांचे प्रश्न कोल्हापूरचे खास आहेत. बारीक तपासण्यांसाठी सीरम पुण्या-मुंबईला पाठवावे लागते. तिहेरी वेष्टन हवे : गळणार नाही अशी नळी, भोवती शोषक कापूस, त्यावर दुसरा बंद डबा, मग बाहेरची पेटी आणि तिच्यावर जैविक नमुन्यांसाठीचे यूएन ३३७३ चे चिन्ह. ड्राय आइस २४ तासांत साधारण दोन ते पाच किलो उडून जातो, तो दुप्पट भरावा आणि पेटी टेपने हवाबंद करू नये. आतला वायू कोंडला तर ती फुटते. नळीवर बॉलपेनने लिहिलेले नाव स्पिरिटचा हात लागताच पुसते, अतिथंडीत टिकणारे क्रायो-लेबलच लावावे. पाठवायचे सोमवार ते बुधवार. शुक्रवारी निघालेली पेटी रविवारी कुठल्यातरी गोदामात वितळते. आणि पावसाळा. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये शिरोलीजवळ महामार्गावर पाणी आले आणि पुण्याचा रस्ता बंद झाला. जुलै-ऑगस्टमध्ये 'नमुना ७२ तासांत पोहोचला पाहिजे' असे प्रोटोकॉलमध्ये लिहिणाऱ्याने पंचगंगा पाहिलेली नाही. उणे ८० चा फ्रीझर तळमजल्यावर नको. एका नमुन्याचे अर्ध्या-अर्ध्या मिलिलिटरचे भाग करून दोन वेगवेगळ्या इमारतींत ठेवावेत, तापमान नोंदणारे यंत्र लावावे आणि त्याचा अलार्म खोलीतल्या फोनवर यावा.

हे सगळे शिकून संशोधन कशावर करायचे, याला आपल्या जिल्ह्यात तोटा नाही. राधानगरी, शाहूवाडी, गगनबावड्याकडचे सर्पदंश, इचलकरंजीच्या यंत्रमागांवरची कापसाची धूळ, शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फाउंड्र्यांतली सिलिका, गोठ्यात राबणाऱ्यांतला ब्रुसेलोसिस, भातखाचरांतला लेप्टोस्पायरोसिस. ऊसतोड मजुरांवर अभ्यास करायचा असेल तर एक सांगून ठेवतो. मराठवाड्यातून टोळ्या येतात त्या गळीत हंगामापुरत्या. डिसेंबरात भरती आणि सहा महिन्यांनी फेरतपासणी असा आराखडा काढला, तर तपासणीच्या वेळी फड रिकामा असतो. एकतर पाठपुरावा बारा आठवड्यांत बसवा, नाहीतर बीडकडच्या महाविद्यालयाला पहिल्या दिवसापासून भागीदार करा आणि मुकादमाचा नंबर घ्या. हे कुठल्याही ऑनलाइन कोर्समध्ये सांगत नाहीत.

बाहेरच्या संधी आहेत, त्या मिळवायला अर्ज लिहिणारे हात हवेत. एमबीबीएसच्या विद्यार्थ्यांसाठी आयसीएमआरची दोन महिन्यांची शॉर्ट टर्म स्टुडंटशिप १९७९ पासून चालू आहे. आरोग्य संशोधन विभागाच्या फेलोशिप, इंडिया अलायन्सच्या क्लिनिकल आणि सार्वजनिक आरोग्यातल्या फेलोशिप, फरीदाबादच्या क्लिनिकल डेव्हलपमेंट सर्व्हिसेस एजन्सीचे जीसीपी वर्ग, आयसीएमआरचे 'इंटेंट' हे चाचण्यांचे जाळे, हे सगळे मुंबई-दिल्लीइतकेच कोल्हापूरलाही खुले आहे. मुंबईचे केईएम रुग्णालय आणि खारघरचे ॲक्ट्रेक हे कर्करोग केंद्र आयसीएमआरच्या फेज-१ (माणसांवरच्या पहिल्या टप्प्यातल्या चाचण्यांच्या) जाळ्यात आहेत. आमच्या समन्वयकांना तिथे दोन महिने बसून काम पाहता येईल, अशी व्यवस्था आरोग्य विज्ञान विद्यापीठाने पत्र लिहून करावी. वर्ग कुणाचाही असो, जानेवारी २०२५ मध्ये जीसीपीची ई६ (आर३) ही नवी आवृत्ती आली आहे. जुन्या स्लाइड्स दाखवणाऱ्याला बोलावू नका.

परदेशी सहकार्याचा उत्साह मोठा असतो, म्हणून क्रम लिहितो. परदेशी भागीदार किंवा पैसा असेल तर आयसीएमआरमार्फत आरोग्य मंत्रालयाच्या तपासणी समितीची मंजुरी काम सुरू होण्याआधी लागते. नमुने जाणार असतील तर स्वतंत्र करार. पैसा घेणाऱ्या संस्थेची विदेशी देणग्यांच्या कायद्याखालची बाजू साफ हवी. सामंजस्य कराराचा फोटो पेपरात छापून येतो, पण त्या करारात डेटा कुणाचा, उरलेले सीरम कुणाचे, पहिला लेखक कोण, विमा कोण भरणार, यातले काहीच नसते. या चार गोष्टींचे दोन पानी परिशिष्ट नसेल तर सही करू नये. लेखकांची नावे वैद्यकीय संपादकांच्या आंतरराष्ट्रीय समितीच्या चार निकषांवर ठरावीत. विभागप्रमुख असणे हा त्यांतला एकही निकष नाही.

शेवटी पैशाची व्यवस्था, कारण प्रकल्प सर्वांत जास्त तिथे मरतात. अनुदानाचा पहिला हप्ता जानेवारीत येतो. जेम या सरकारी खरेदी पोर्टलवर किट्सची खरेदी, तांत्रिक-आर्थिक छाननी, पुरवठा होईपर्यंत ३१ मार्च उजाडतो. खर्च न झाल्याने उपयोगिता प्रमाणपत्र, म्हणजे नमुना १२-अ, रखडते आणि त्याच्याशिवाय दुसरा हप्ता येत नाही. मधल्या काळात प्रकल्पावरचा तंत्रज्ञ पगार नाही म्हणून निघून जातो. त्याच्याबरोबर अभ्यासाची निम्मी आठवणही जाते. यावर उपाय साधा : संशोधन प्रकल्पांसाठी नेमलेला एक लेखापाल आणि समन्वयकांचा पगार प्रकल्पातून न देता विद्यापीठाच्या निधीतून.

तेव्हा दोन्ही कुलगुरूंनी एका कागदावर सही करून खोली, संख्याशास्त्रज्ञाचे तास आणि समन्वयकांची दोन पदे मंजूर करावीत. अधिष्ठात्यांनी शनिवारच्या बारा जणांना ड्युटीतून मोकळे करण्याचा लेखी आदेश काढावा, तोंडी नको. ओपीडीत गर्दी झाली की तोंडी आदेश विरतो. पाठ्यक्रम, फॉर्मचे नमुने, मराठी संमतिपत्राचा साचा आणि डेटा-कोशाचा (कुठल्या रकान्यात काय भरायचे त्याच्या यादीचा) आराखडा आम्ही विनामूल्य करून देऊ. पहिल्या शनिवारी लागणारे सामान इतकेच : बारा खुर्च्या, एक फळा, तीस अपारदर्शक पाकिटे, फॉइलचा एक रोल, कार्बन पेपरचे एक पाकीट आणि प्रत्येकाने आणलेला, अजून कुणालाही न दाखवलेला प्रोटोकॉल.

आपले,
कोल्हापूर परिसरात क्लिनिकल संशोधनात काम करणारे अध्यापक, संख्याशास्त्रज्ञ, फार्मसिस्ट आणि समन्वयक